लोकल व्हायचंय?

(स्थळ: स्पेनमधलं व्हॅलेन्सिया. समुद्रालगतचा काबान्याल हा जुना कोळीवाडा. दर्शनी भिंतीला रंगीत टाइल्स, आत लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावरचं स्वयंपाकघर, सकाळची वेळ.)

भाचा: आत्या, आधीच सांगतो. मला पर्यटकासारखं भटकायचं नाही, इथल्यासारखं जगायचंय. यादी करून आणलीय.

आत्या: यादी केलीस तिथेच पर्यटक झालास. बरं, वाच.

भाचा: रात्री समुद्रकिनारी कोळंबीचा पाएया.

आत्या: हळू बोल, खालची म्हातारी ऐकेल! पाएया दुपारचा असतो रे. तोही रविवारी, घरचे सगळे जमले की. आणि त्यात कोंबडी नि ससा.

भाचा: समोर एवढा समुद्र असताना भातात ससा?

आत्या: ससा, शेंगा, मोठे पांढरे वाल आणि केशर. वर सॉसेजबिसेज मागू नकोस. २०१६ साली जेमी ऑलिव्हर या ब्रिटिश शेफने पाएयात चोरिझो सॉसेज घातलं, तर अख्खा देश त्याच्यावर तुटून पडला होता. तू तर माझ्या घरी राहणार आहेस.

भाचा: मग आत्ता नाश्ता काय?

आत्या: आत्ता नुसती कॉफी. दहा वाजता बारमध्ये जा. हातभर पाव, त्यात ऑम्लेट नाहीतर घोड्याचं मांस. बाजूला शेंगदाणे, ऑलिव्ह. शेवटी रममध्ये साखर, लिंबाची साल नि दालचिनी घालून पेटवतात आणि वर कॉफी ओततात.

भाचा: सकाळी दहाला रम?

आत्या: जाळलेली. म्हणून चालते.

भाचा: यानंतर जेवतात कधी?

आत्या: दोननंतर. बाराला गेलास तर वेटर खुर्च्या मांडत असेल. रात्रीचं नऊच्या पुढे. मधे दुकानांची शटरं खाली. तेव्हा उगाच उन्हात हिंडू नकोस, लोक ओळखतील. आता असं कर, मंडईतून मासळी आण. गाळ्यापुढे रांग दिसणार नाही.

भाचा: वा! गर्दीच नाही.

आत्या: रांग नाही म्हटलं, गर्दी नाही असं कुठे म्हटलं? बायका विखरून गप्पा मारत उभ्या असतात. गेल्या गेल्या मोठ्याने विचारायचं, शेवटचं कोण? एक हात वर होईल. ती बाई नजरेआड होऊ द्यायची नाही. तिच्यानंतर तू. तुझ्यानंतर कुणी येऊन विचारलं की हात तुझा.

भाचा: आणि ती मधेच टोमॅटो घ्यायला गेली तर?

आत्या: तर तिच्या आधी कोण होतं ते शोध.

भाचा: आपल्याकडे निदान धक्का तरी मारता येतो. बरं, शेजाऱ्यांशी ओळख करून दे ना.

आत्या: कुठले शेजारी? पहिल्या नि दुसऱ्या मजल्यावर दर आठवड्याला नवी माणसं. दारावर आकडे जुळवायच्या पेट्या बघितल्यास ना? त्यांत किल्ल्या असतात. परवा डच होते, आता कोण आहेत कुणास ठाऊक. सगळे तुझ्यासारखेच, इथल्यासारखं जगायला आलेले. इथले मात्र भाडं परवडेना म्हणून निघून गेले.

भाचा: असे कसे गेले?

आत्या: तेच तर. नगरपालिकेला इथली घरं पाडून थेट समुद्रापर्यंत रुंद रस्ता न्यायचा होता. १९९८ पासून लोक भांडले, २०१५ मध्ये सत्ता बदलली तेव्हा कुठे तो बेत बारगळला. घरं वाचली. मग पेट्या आल्या.

भाचा: म्हणजे या इमारतीत खरं इथलं कुणीच नाही?

आत्या: आहे की, तळमजल्यावरची म्हातारी. संध्याकाळी रस्त्यावर खुर्ची टाकून बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याची बॅग मोजते. तुझी मोठी होती म्हणाली.

(खालून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज.)

भाचा: हे काय? लोकसंगीत?

आत्या: गॅसवाला! आपल्याकडे पाइपचा गॅस नाही. तो नारिंगी सिलिंडर रिकामा झालाय, खाली ने नि भरलेला आण. साडेबारा किलो गॅस, लोखंडाचं वजन निराळं.

भाचा: तो माणूस वर आणून देत नाही?

आत्या: देतो की. पण तो रोजच आणतो, अनुभव तर तुला हवाय. यादी ठेव टेबलावर. दोन्ही हात लागतील.

(बऱ्याच वेळाने जिन्यातून धापा टाकत आवाज.)

भाचा: आत्या! दुसऱ्या मजल्यावरचे पाहुणे माझे फोटो काढताहेत!

आत्या: काढू दे. त्यांनाही इथलं कुणीतरी भेटायला नको? सिलिंडर जरा पुढे धर, नीट दिसेल.