निळ्या धुराचा फेरफार

ज्या डहाणू तालुक्यास 1991 साली केंद्र शासनाने पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरविले, त्याच्याच चिकूवाड्यांमधून तलासरीकडे एखादी वृद्ध मोटार निळ्या धुराची पताका फडकवीत जाते, तेव्हा रिंगा झिजून इंजिन ऑइल खाऊ लागले, हे निदान मिस्त्री बॉनेट न उघडताच करतो. परंतु बोअर करून जुनेच जगवावे की दुसरे बसवावे, हा प्रश्न यंत्रशास्त्राचा नसून दफ्तरी आहे. कारण इंजिनाचा क्रमांक नोंदणीपुस्तकात दाखल असल्याने, बदलाचा अर्ज रुजू होऊन फेरफार मंजूर होईतो नवे इंजिनही वयोवृद्ध व्हावे. धुराचे म्हणाल, तर 15 वर्षांनंतर पर्यावरण कर भरला की त्यास राजमान्यता! सबब, ब्लॉक शाबूत असेल तर दुरुस्तीच करावी. तडकला असेल तर गाडी भंगारात द्यावी, मात्र नोंदणी रद्द करूनच.