नव्वद रुपयांचं आवर्तन

बारामतीच्या बाजारातून नव्वद रुपयांचा गुलाबाचा टोनर आणला. शंभर मिली. बाटलीवर टपोरं फूल, मागं मुंगीच्या अक्षरात घटकांची यादी. यादीत जे जास्त ते आधी, असा नियम. पहिलं नाव पाणी. मग ग्लिसरीन, मग माल टिकवणारी रसायनं आणि शेवटच्या पंगतीला बसवलेल्या पाहुण्यासारखा 'सुगंध'. गुलाब कुठंच नाही. तो बिचारा फोटोपुरता आला होता.

त्याला तरी दोष कसा द्यावा? किलोभर अस्सल गुलाबतेलाला तीन-चार टन पाकळ्या लागतात. आपल्याच जिल्ह्यातल्या मावळातले गुलाब तर व्हॅलेंटाइनच्या तोंडावर विमानानं परदेशी जातात. आपल्या वाट्याला वास.

हिशेब केला: लिटरला नऊशे रुपये! इंदापूरच्या मेव्हण्याला सांगितलं. त्याचं रान कालव्याच्या शेपटाला, डोळे कायम पाण्याच्या पुढच्या आवर्तनाकडं. म्हणाला, "दाजी, दुधाला लिटरमागं पस्तीस मिळवताना आमचा घाम निघतोय, आन् तुम्ही नऊशेचं पाणी तोंडाला लावताय?"

पंधरा दिवस लावलं. चेहरा उजळला नाही, गार मात्र वाटलं. तसं ते माठातल्या पाण्यानंही वाटतं. पूर्वी लग्नात गुलाबपाणी गुलाबदाणीतून फुकट शिंपडत, वर मनगटाला अत्तर लावत. तेव्हा त्याला टोनर म्हणतात हे कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून परवडत होतं.

आता बाटली तळाला गेलीय. मेव्हणा फोनवर रोज विचारतो, "दाजी, पुढचं आवर्तन कधी?"