चारशे नव्वद

सकाळच्या बारामती-इंदापूर गाडीचे मास्तर ख्रिस्ती आहेत. गळ्यात क्रूस वगैरे काही नाही; पण भरगच्च गाडीतही ते कुणावर खेकसत नाहीत. कंडक्टर खेकसला नाही की आपलंच काहीतरी चुकलं, असं प्रवाशाला वाटत राहतं.

लासुर्ण्याला आबा चढतात. वय पंचाहत्तरच्या पुढे, म्हणजे प्रवास फुकट. तरी शून्य रुपयाचं तिकीट उलटसुलट करून विचारतात, "जास्त तर नाही ना लावलं?" मग खिडकी. उघडली की वारं लागतं, लावली की कोंडतं. मास्तर काच अर्धी सरकवतात. आबांचं गवारीचं पोतं इंदापूरला स्वतः उतरवून देतात. त्यावर आबा म्हणतात, "हळू ठेवा की जरा!"

काटेवाडीला एक मावशी रोज पळत येतात. पळत, असं त्या म्हणतात. एकदा त्यांच्यापायी गाडी थांबली, तेवढ्यात उसाच्या दोन ट्रॉल्या पुढे निघून गेल्या. आता भवानीनगरच्या कारखान्यापर्यंत त्यांच्या मागे रांगणं आलं. मी ओरडलो. मास्तर शांतपणे म्हणाले, "सर, नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले १८९५ला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई झाल्या १९००ला. टिळक पाच वर्षं थांबले. आपली पाचच मिनिटं गेली."

या माणसाशी भांडावं तरी कसं?

माझं मात्र वेगळं आहे. माझे त्यांच्याकडे पाच रुपये आहेत. तिकिटामागे तसं लिहून दिलंय, आणि मी ते रोज दाखवतो. मध्ये दोनदा त्यांनी पाच-पाच दिले, पण ते दुसऱ्या तिकिटांचे, असं माझं म्हणणं आहे. प्रश्न पैशांचा नाही, तत्त्वाचा आहे.

"एवढं सहन कसं करता हो?" मी एकदा विचारलं.

"पेत्रानं विचारलं होतं, सात वेळा क्षमा केली तर पुरे का? प्रभूनं सांगितलं, साताच्या सत्तर वेळा. म्हणजे चारशे नव्वद. कंडक्टरला हिशेब ठेवावाच लागतो, सर."

मला वाटलं, गंमत करताहेत.

परवा निमगाव केतकीला ते कुणाच्या तरी पानांच्या पाट्या चढवायला खाली उतरले. त्यांची खिशातली डायरी सीटवर पडली होती. दुसऱ्याची डायरी वाचू नये. मी फक्त उघडलं तेवढं पान पाहिलं. वर लिहिलं होतं 'प्रार्थना'. खाली: काटेवाडीच्या मावशी, २०६. लासुर्ण्याचे आबा, ४९०. हा आकडा खोडून पुढे नव्याने १७. आणि त्याखाली, सुबक अक्षरात: पाच रुपयेवाले सर, ४८८.

मी डायरी होती तशी ठेवली. मास्तर हात पुसत वर आले, दोनदा घंटी ओढली आणि माझ्याकडे बघून हसले. मी मनातल्या मनात हिशेब केला. आजचं धरलं तरी एक शिल्लक राहतो.

मी तिकीट पुढे केलं.