अविवाहित, वंश नाही

लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी कुणालाही बसवा, मठ्ठा येईपर्यंत त्याचं-माझं नातं लावून दाखवतो. माहेरचं आडनाव, मूळ गाव, कुलदैवत, एवढं कळलं की संपूर्ण अनोळखी माणूसही मावशीच्या नणंदेचा चुलतदीर निघतोच. लोक ''वा!'' म्हणतात आणि पुढच्या पंगतीत लांब बसतात. असो. विद्वानाला हे भोगावंच लागतं.

या ख्यातीपायीच भाचीने विचारलं, ''मामा, ह्युई, ड्युई आणि लुई डोनाल्ड डकचे भाचे ना? मग त्यांचं आडनाव डक कसं?''

मी कागद ओढला. पोरं डोनाल्डच्या बहिणीची, डेलाची. 1937 साली त्यांनी बापाच्या खुर्चीखाली फटाका लावला, बाप इस्पितळात गेला आणि पोरं थोड्या दिवसांसाठी म्हणून डोनाल्डकडे आली. ती तिथेच राहिली. बापाची चौकशी कुणी केली नाही. डॉन रोझा या चित्रकाराने 1993 साली या घराण्याचा वंशवृक्ष काढला, त्यातही बापाच्या तोंडासमोर नेमका एक पक्षी आडवा आलाय. माझा कयास असा, की बापही डकच असणार. डोनाल्डची डेझी तरी कोण? तीही डक. 1940 पासून दोघं हिंडताहेत आणि लग्नाचं नाव नाही. पत्रिका बघणाऱ्याने सगोत्र म्हणून मोडता घातला असणार.

मग स्क्रूज. कार्ल बार्क्सने त्याला 1947 साली जन्माला घातलं, तोच म्हातारा आणि गडगंज. हा मॅकडक. त्याची बहीण हॉर्टेन्स डकांच्या घरी दिली, तिचा मुलगा डोनाल्ड. म्हणजे स्क्रूज डोनाल्डचा मामा आणि डोनाल्ड पोरांचा मामा. मामाच मामा!

आता कुलवृत्तांताबद्दल बोलायलाच हवं. (भाची इथे उठून गेली.) आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत जाडजूड आहे. मूळ पुरुषापासून सगळे त्यात आहेत. कुणाला सनद मिळाली, कोण तालुक्याला कारकून होता, कोण लहानपणी घरातून निघून गेला, सगळं. कुठे कुठे 'अविवाहित, वंश नाही' असा शेरा. माझ्या नावासमोर साडेतीन ओळी आहेत. त्या मी पाहुण्यांना सहज चाळता चाळता दाखवतो. पान आपोआपच उघडतं आता.

आणि मुली? नाव, सासरचं नाव, गाव, पूर्णविराम. माझी आत्या त्यात एक ओळ आहे: वाईस दिली. शाळेसाठी मी तिच्याकडेच राहिलो. रात्री निवडणं करताना ती माझ्याकडून सगळ्या गोतावळ्याची नाती घोकून घ्यायची, चुकलो की तांदळाचं सूप माझ्याकडे सरकवायची. पंगतीत मी जी विद्या मिरवतो, ती तिची. तिच्या मुलांचा त्या ग्रंथात पत्ता नाही. ती तिकडची झाली ना!

राग आला की मी गणित मांडतो. हाच नियम डकांना लावला. स्क्रूज मॅकडक: अविवाहित, वंश नाही. हॉर्टेन्स: डकांकडे दिली, पूर्णविराम. पुढचं पान डोनाल्ड: अविवाहित, वंश नाही. डेला: दिली, कुणाला दिली ते पक्ष्यामागे. तिन्ही पोरं गायब. स्क्रूज आणि डोनाल्ड एकमेकांचे कुणीच नाहीत. सगळं घराणं बायकांनी जोडलेलं, आणि त्या पुसल्या की उरतात दोन सडे बदक आणि एक तिजोरी.

हे सगळं नव्या आवृत्तीच्या संपादकांना लिहून कळवलं. आत्याच्या घरची पूर्ण माहिती जोडली, बदकांचा दाखलाही दिला. उत्तर आलं: जागेअभावी कन्यांची संतती घेता येत नाही. आपला मात्र अलीकडचा फोटो पाठवावा, पासपोर्ट आकाराचा.

पाठवला. दोन प्रती, टाय लावून.