तहाची इंग्रजी

मला इंग्रजीत भांडता येत नाही. समेट मात्र अस्खलित करता येतो, कारण माझी इंग्रजी वाटाघाटींच्या बातम्यांवर पोसलेली आहे. मंगळवार पेठेतले आमचे तात्या, म्हणजे माझे धाकटे चुलते, शाळामास्तर होते. युद्धाच्या बातमीत आवाज फार आणि शब्द थोडे, शब्दांची खरी चैन तहाच्या बातमीत, असं त्यांचं ठाम मत. १९७८च्या सप्टेंबरात कार्टर, सादात आणि बेगिन कॅम्प डेव्हिडच्या झाडीत तेरा दिवस बसले, तेव्हा मीही वही घेऊन रात्री नवाच्या इंग्रजी बातम्यांना बसू लागलो. आतलं काही बाहेर फुटू द्यायचं नाही असा तिथे दंडक होता. त्यामुळे सांगण्यासारखं फारसं काही नसायचं, आणि ते न सांगण्यासाठी शब्द मात्र भरपूर लागायचे.

वहीच्या पानावर मधोमध पट्टीने रेघ. डावीकडे मी कानाने पकडलेला शब्द, उजवीकडे तात्यांच्या निळ्या शाईतला अर्थ. 'कॉर्डियल' म्हणजे चहा मिळाला. 'फ्रँक' म्हणजे जोरदार वाजलं. 'कन्स्ट्रक्टिव्ह' म्हणजे काही ठरलं नाही, पण पुन्हा भेटायचं ठरलं. हे अर्थ कुठल्याही शब्दकोशात सापडणार नाहीत, पण अजून मला ते बदलावेसे वाटलेले नाहीत. पॅरिसात व्हिएतनामच्या वाटाघाटी टेबलाच्या आकारावरून कित्येक आठवडे कशा अडल्या आणि १९६९च्या जानेवारीत एक गोल टेबल अन् शेजारी दोन लहान चौकोनी टेबलं असा तोडगा कसा निघाला, हे तात्या खासबागेतली निकाली कुस्ती सांगावी तशा रंगात येऊन सांगत. परक्यांच्या तहाचं एवढं कौतुक कशाला, असं कुणी म्हटलंच तर ते वारणेकडे बोट दाखवत. १७३१ साली साताऱ्याचे शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज या दोन चुलतभावांनी तह केला, वारणा ही हद्द ठरली. ''आपलं करवीर राज्य कागदावर पक्कं झालं ते तहानं,'' तात्या म्हणत, आणि एकमेकांचे चाकर फितवून ठेवायचे नाहीत हे त्यातलं कलम जरा जास्तच जोर देऊन सांगत.

त्या जोराला कारण होतं. आबांचा, म्हणजे थोरल्या चुलत्यांचा एक गडी १९७८मध्येच तात्यांच्या उसात कामाला आला होता. त्याआधी बांध कोरण्यावरून दोघा भावांचं बोलणं बंद झालं होतं, आणि घर एकच. आबा माडीवर, तात्या सोप्यात, मधल्या जिन्यावर मी. काही वर्षांपूर्वी किसिंजर विमानाने जे करत असत ते मी अनवाणी करत होतो. ''जा, सांग त्येला, मोजणी आणायची तर सरकारी आण म्हणावं,'' असं वरून यायचं. ''म्हणावं, गडी माणूस हाय, बैल न्हाई. त्येला जायचं तिकडं त्यो जाईल,'' असं खालून जायचं. दिवसभर इतकं शुद्ध मराठी शिकवणारे तात्या बांधाची गोष्ट निघाली की थेट शेतातल्या बोलीत उतरत. निरोप पोचवताना मी त्यातले काही शब्द जिन्यातच गाळून टाकी. वर पोचेपर्यंत 'फ्रँक'चं 'कॉर्डियल' झालेलं असे. आबांना हे कळत असावं. ते ऐकून घेत आणि मला शेंगदाणे देत.

मोजणी काही आली नाही. साहेब येणार म्हणून दोन्हीकडच्या बांधावरचं गवत तेवढं कापून झालं होतं. दिवाळीनंतर गुऱ्हाळ लागलं, आणि एका संध्याकाळी आबांनी माझ्याच हाती काकवीची लहान कळशी खाली पाठवली. निरोप नव्हता. जिन्यात गाळण्यासारखं काहीच नव्हतं म्हणून मला जरा चुकल्यासारखंच झालं. तात्यांनी चष्मा कपाळावर चढवून कळशीत डोकावून पाहिलं, बोट बुडवून चाटलं आणि काकूंना हाक मारली. काकू म्हणाल्या, कळशी रिकामी परत द्यायची नसते, उद्या चिवडा करते. तात्या म्हणाले, ''चिवड्यात खोबरं जास्ती घाल, त्याला आवडतंय.''