रेघेच्या अलीकडचं गाव

सांगलीत राहून करसल्लागाराचा धंदा केला की एक गोष्ट फार लवकर कळते. आमच्या गावाचं उत्पन्न सांगलीत ठरत नाही, दिल्लीत ठरतं. हळदीचा भाव चढो की पडो, कृष्णा पात्रात राहो की दुकानात येवो, वर्षाअखेरच्या नफ्याशी त्याचा संबंध जेमतेमच. खरा संबंध अर्थसंकल्पाशी. २०१४ साली करमुक्त मर्यादा २ लाखांवरून अडीच लाखांवर गेली, तशी पेठेतली कितीतरी दुकानं १ लाख ९० हजारांवरून २ लाख ४० हजारांवर आली. २०१९ मध्ये ५ लाखांपर्यंत कर माफ झाला आणि त्याच दुकानांना, त्याच गिऱ्हाइकांवर, ४ लाख ८५ हजार सुटू लागले. २०२३ मध्ये नव्या पद्धतीत माफी ७ लाखांवर गेली. गावही मागे राहिलं नाही.

मग १ फेब्रुवारी २०२५ चा शनिवार उजाडला. अर्थमंत्री निर्मलाबाईंनी १२ लाखांपर्यंत कर नाही म्हणून लोकसभेत सांगितलं आणि त्यांचं भाषण संपून तासही झाला नसेल, माझा फोन वाजायला लागला.

"साहेब, यंदा आमचं ११ लाख ९० करून टाका."

काल रात्रीपर्यंत साडेसहा लाखांत कसंबसं भागवणारी माणसं होती ही. एका भाषणानं एवढी गरिबी हटल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

नफा वहीतून निघतो, माझ्या पेनातून नाही, हे मी प्रत्येकाला दरवर्षी सांगतो. समोरचा दरवर्षी आदरानं मान हलवतो आणि म्हणतो, "ते बरोबरच आहे साहेब. पण ११ लाख ९० च धरा."

लोक याला चोरी म्हणतात. मी तसं पटकन म्हणत नाही. माझी फी त्यातूनच येते हे एक कारण झालं. दुसरं असं की सरकारनं जमिनीवर रेघ मारायची आणि गावानं चालत चालत तिच्या बरोबर अलीकडे येऊन उभं राहायचं, हा खेळ दोन्ही बाजूंनी चाललेला असतो. व्यापाऱ्यानं एका माणसाला एका दिवसात १० हजारांच्या वर रोख दिले तर तो खर्च हिशेबात धरत नाहीत. २०१७ पूर्वी ही रेघ २० हजारांवर होती. माझ्या कपाटात दोन्ही काळातली व्हाउचरं आहेत. जुन्या फायलींत हमालीचं प्रत्येक व्हाउचर १९ हजार ८०० चं, नव्या फायलींत ९ हजार ९०० चं. महागाई वाढली, पोती जड झाली, हमाल मात्र निम्म्या पैशात काम करायला लागले. पुढेमागे कोणी इतिहासकार या फायली वाचायला बसला तर हमालांच्या पिळवणुकीवर त्याचा एक प्रबंध सहज होईल.

घरभाड्याचंही तेच. वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर गेलं की नोकरदाराला घरमालकाचा पॅन नंबर द्यावा लागतो, आणि मालकाला आपला पॅन कोणी मागितला की एकदम भाडेकरूचं वागणं खटकायला लागतं. १ लाखाला बारानं भागलं की ८ हजार ३३३ येतात. म्हणून विश्रामबागेत दोन खोल्यांचं भाडं ८ हजार ३००, चार खोल्यांचं ८ हजार ३००, आणि लिफ्ट, बाल्कनी, पार्किंग असलं तरी ८ हजार ३००. एवढी समता फुले-शाहूंच्या महाराष्ट्रातही दुसरीकडे पाहायला मिळत नाही.

लग्नाच्या रेघेचा किस्सा जरा निराळा, कारण तिथं कायदा करणाऱ्यानं आधीच आपल्यासारख्यांचा विचार करून ठेवलाय. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायची नाही. घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड, आणि तो देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला. आता दोन दिवसांत दोन हप्ते केले की झालं, असं तुम्हाला वाटलं ना? प्रत्येक मांडववाल्याला हेच वाटतं. पण कायदा म्हणतो, एका माणसाकडून एका दिवसात नाही, एका व्यवहारात नाही आणि एका प्रसंगानिमित्तही नाही. हे मी एका मांडववाल्याला नीट समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि बोटांवर मोजत विचारलं, "साहेब, साखरपुडा एक, हळद दोन, लग्न तीन, सत्यनारायण चार. प्रसंग चार धरायचे की पाच? त्यांच्यात गोंधळ पण असतोय." देवीचा गोंधळ हा आयकरासाठी स्वतंत्र प्रसंग आहे का, यावर कुठल्या न्यायालयाचा निकाल माझ्या पाहण्यात नाही.

या सगळ्यात ज्याला कुठल्याच रेघेच्या अलीकडे सरकता येत नाही तो म्हणजे पगारदार. आमचे एक गणिताचे मास्तर दर जुलैत फॉर्म १६ प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून आणतात आणि टेबलावर ठेवून पोस्टमॉर्टेमची वाट पाहत बसतात. त्यांचा कर त्यांच्या आधी सरकारजमा झालेला असतो. एका वर्षी त्यांनी विचारलं, "दर महिन्याला व्यवसाय कर २०० रुपये कापतात, ठीक. फेब्रुवारीत ३०० का? महिना तर अठ्ठावीस दिवसांचा. कमी दिवसांना जास्त कर, हे कुठलं व्यस्त प्रमाण?"

उत्तर सोपं आहे आणि मला फार आवडतं. राज्यानं व्यवसाय कर माणशी वर्षाला किती घ्यावा यावर खुद्द राज्यघटनेनं रेघ मारलेली आहे. आधी ती २५० रुपयांवर होती, १९८८ च्या घटनादुरुस्तीनं २ हजार ५०० वर गेली. आता अकरा महिन्यांचे २०० प्रमाणे २ हजार २०० होतात. राहिले ३००. ते महाराष्ट्र शासन सोडेल? फेब्रुवारीत घेतले आणि बरोबर २ हजार ५०० वर येऊन उभं राहिलं. मास्तरांना हे सांगितल्यावर त्यांना जरा बरं वाटलं. कर तेवढाच राहिला, पण आपलं सरकारही आपल्या पेठेतलंच आहे हे कळलं.

किराणावाल्या अण्णांची अडचण मात्र दोन रेघांमध्ये सापडल्यानं झाली. मालाच्या विक्रीला जीएसटीची मर्यादा ४० लाख. ती १ एप्रिल २०१९ ला आली आणि तेव्हापासून अण्णांची विक्री ३९ लाख आहे. २०१९ च्या ऑगस्टात महापूर आला, दुकानात गळ्याएवढं पाणी. विक्री ३९ लाख. करोनात ३९. २०२१ ला परत पूर, परत ३९. मध्ये बेंगळुरूतल्या छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या आकड्यांवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्याची बातमी आली, तेव्हा अण्णांनी काउंटरवरचा क्यूआर कोड उचलून तांदळाच्या पोत्यामागे ठेवला. गिऱ्हाईक पोत्यामागे जाऊन पैसे भरायला लागलं, तसा परत पुढे आणला.

छोट्या धंद्याला विक्रीच्या ८ टक्के नफा धरून रिटर्न भरता येतं, बँकेतून आलेल्या पैशावर ६ टक्के. त्याहून जास्त दाखवायला कोणाची ना नाही, पण त्या मोहात सहसा कोणी पडत नाही. ३९ लाखांचे ८ टक्के म्हणजे ३ लाख १२ हजार. वर्षानुवर्षं निवांत चाललं होतं. मग मुलाला पुण्यात फ्लॅट घ्यायचं ठरलं आणि बँकेनं तीन वर्षांची रिटर्नं मागितली.

"साहेब, ११ लाख ९० करा. नाहीतरी कर लागत नाही म्हणता."

"विक्री किती धरू?"

"विक्री ३९ च. त्याला हात लावू नका."

"अण्णा, म्हणजे शंभराला तीस रुपये सुटले. साखरेत तीस सुटतात?"

"छे ओ! साखरेत दोन सुटले तरी देव पावला."

"तेलात?"

"तेलात तर घरचे जातात."

"मग कशात सुटतात?"

अण्णांनी बराच विचार केला. "अगरबत्तीत सुटतात."

"३९ लाखांची अगरबत्ती विकली असं लिहू का?"

यावर ते हसले नाहीत. सांगली ही धार्मिक पेठ आहे, चालून जाईल की काय, असा त्यांच्या चेहऱ्यावर हिशेब चाललेला दिसला. शेवटी मीच सांगितलं, की ११ लाख ९० दाखवायचे तर विक्री दीड कोटीच्या घरात पाहिजे, आणि ती खरीच असेल तर जीएसटी नंबर घ्यायला हवा. शिवाय मागच्या वर्षांना मागच्याच मर्यादा; ती रिटर्नं आता सुधारायची तर कर, व्याज आणि त्यावर २५ टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत जादा. अण्णा उठले. दारातून म्हणाले, "पोरगं भाड्यानंच राहू दे मग. तिकडं काय रेट आहे?"

"८ हजार ३०० असेल," मी म्हणालो.

गेल्या महिन्यात एक हळदीचे अडत दुकानदार आले. मुलीला मिरजेचं स्थळ आलं होतं, मुलाचं हार्डवेअरचं दुकान. मुलाकडच्यांनी मोठ्या मनानं रिटर्नची प्रतच पाठवली होती. शेठनी मोबाइल माझ्यापुढे धरला.

"साहेब, यात कुठं लिहिलेलं असतंय बघा. पोरगं कमावतंय किती?"

मी पाहिलं. "११ लाख ८४ हजार."

शेठचा चेहरा पडला. चार एकर, दोन गोदामं, गावात तीन मजली घर अशा घरातली मुलगी. महिना लाखभरात तिचं कसं निभायचं, हे त्यांच्या कपाळावर स्पष्ट दिसत होतं. मग काहीतरी आठवल्यासारखं करून त्यांनी विचारलं, "माझं किती भरलंय हो यंदा?"

मी फाइल काढली. "११ लाख ८६."

शेठ खुर्चीत सरळ झाले. चेहरा उजळला. "म्हणजे माझ्या तोडीस तोड आहे की पोरगं! मी उगाच घाबरलो." त्यांनी तिथूनच घरी फोन लावला, बैठकीचा दिवस सांगितला, बाहेरून दोन चहा मागवले. चहा येईपर्यंत खुर्ची जरा पुढे ओढून आवाज खाली आणत म्हणाले,

"बरं साहेब, मांडववाल्याला रोख किती दिलेलं चालतंय?"