भवानीचे नाना

धंदा सुरू करायचा तर भांडवल लागतं, जागा लागते, परवाने लागतात आणि एक नाना लागतात. पहिल्या तिन्हींची जमवाजमव मागेपुढे झाली तरी चालते. नाना मात्र उद्घाटनाच्या आधी हाताशी हवेत. डोंबिवलीत बहुतेक सोसायट्यांत असे एक नाना असतातच. आमचे दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या बरोबर समोर राहतात. नवउद्योजकाच्या दृष्टीने याहून मोक्याचा फ्लॅट नाही.

नानांची पात्रता एकच : त्यांना ‘नको’ म्हणता येत नाही.

त्यांची कारकीर्द 2001 मध्ये सुरू झाली. सरकारी बँकांच्या त्या वेळच्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत देशभरातली लाखभर माणसं बाहेर पडली, त्यांत नानाही होते. बरोबरीच्यांनी हाती आलेल्या पैशांत काही ना काही थाटलं. कुणी एसटीडी बूथ आणि झेरॉक्स, कुणी पोळीभाजी केंद्र, कुणी विम्याची एजन्सी. नानांनी काहीच थाटलं नाही. एवढ्या सगळ्यांना गिऱ्हाईक कोण होणार, हा प्रश्न त्यांना जास्त महत्त्वाचा वाटला असावा. घरात फोन असताना ते मित्राच्या बूथवर जाऊन नागपूरच्या मेहुण्याशी दहा-दहा मिनिटं बोलत. मेहुण्याशी त्यांचं मुळीच पटत नसे.

मग 2020 चा लॉकडाऊन आला आणि ज्याच्या-त्याच्या स्वयंपाकघरात कारखाना निघाला. ग्रुपवर ‘ऑर्डर घेणे सुरू’ असा मेसेज पडायचा अवकाश, खाली पहिलं उत्तर नानांचं : ‘आम्हाला दोन.’ कशाचे दोन, हे ते मागाहून वाचत. त्यामुळे एकदा केकच्या साच्यांचे दोन संच घरात आले. त्यांच्या घरी ओव्हन नाही.

परवा वरच्या मजल्यावरचा मुलगा आला. आयटीतली नोकरी सोडून त्याने लाकडी घाण्याच्या तेलाचा धंदा काढलाय. डॉक्टरांनी नानांना तेल निम्म्यावर आणायला सांगितलेलं. त्यांनी पाच लिटरचा डबा घेतला. झाकणाच्या कडेने तेल पाझरून टीपॉयवर गोल डाग पडला होता. मुलगा रुमालाने तो पुसत होता आणि नाना त्याला म्हणत होते, “असू दे, असू दे. शुद्ध तेलाची खूणच ती.” पैसे मोबाईलवरून गेले. भवानीची नोट कपाळाला लावायची, तर नोटच नाही. पोराने क्षणभर विचार केला आणि मोबाईलच डोळ्यांना लावला.

असे सगळेच नानांना लिज्जत पापडाची गोष्ट सांगतात. 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला बसावं आणि त्यातून केवढा डोलारा उभा राहावा! नानांना मात्र या गोष्टीतलं वेगळंच माणूस आवडतं. पहिल्या दिवशी पापडांची चारच पाकिटं झाली होती आणि ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याने घेतली. “तो नसता तर?” नाना विचारतात आणि भिंतीकडे असं बघतात, की तिथे त्या व्यापाऱ्याची आणि शेजारी त्यांची स्वतःची तसबीर लागायला हवी होती.

“तो व्यापारी होता,” काकू आतून म्हणतात. “त्याने पुढे विकले. खपले म्हणून आणखी मागवले. तुम्ही माळ्यावर ठेवता.”

काकूंनी चार वाक्यांत जे सांगितलं, ते भल्याभल्यांच्या प्रकल्प अहवालात नसतं. पहिली आठ-दहा गिऱ्हाइकं ही धंद्याची नसतातच. ती भावकीची, भिडेची, नाहीतर लग्नातल्या आहेराच्या परतफेडीची असतात. पण तेलवाल्या मुलाने घरी जाऊन हिशेब मांडलाच : एका सोसायटीत दिवसाला पाच लिटर, अशा चाळीस सोसायट्या, म्हणजे रोजचे दोनशे लिटर. त्यात त्याने धरले होते चाळीस नाना. आणि नाना तर एका धंद्यातून एकदाच खरेदी करतात. दुसऱ्या खेपेपर्यंत बहुधा धंदाच उरत नाही, आणि उरलाच तर मालक आता मोठा झाला म्हणून नानांनाच संकोच वाटतो.

खरं गिऱ्हाईक ‘बी’ विंगमध्ये राहतं. ती बाई तेलाचा वास घेते, तळहातावर थेंब चोळते, शेंगदाणे कुठले म्हणून विचारते. बाटलीवर खाद्य परवान्याचा 14 आकडी नंबर आहे का, ते चष्मा लावून पाहते. भाव ऐकून “बाई गं!” म्हणते आणि अर्ध्या लिटरची बाटली नेते. आठवड्याने भांडायला येते, तेव्हा समजावं की धंदा उभा राहणार. भांडायला तीच येते, जिला पुन्हा घ्यायचं असतं. पण नवउद्योजक तिला टाळतात. अपमान सोसण्यापेक्षा नाना बरे. नाना तर न चाखताच “काहीतरी वेगळं आहे हो!” म्हणतात. हे वाक्य त्यांनी मशरूमच्या लोणच्यापासून ऑनलाइन योगवर्गापर्यंत सगळ्यांना दिलेलं आहे.

तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेने पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली, तेव्हा ती घरोघर अर्धी-अर्धी पोळी चवीला देत फिरली. नानांचं दार सोडून. दोन दिवस वाट पाहून नानांनीच तिला जिन्यात गाठलं.

“आम्हाला दोन डझन.”

“नाना, तुम्हाला नाही देत,” ती म्हणाली. “तुम्ही काहीही दिलं तरी छानच म्हणता. मला काय कळणार त्यातून?”

उभ्या आयुष्यात नानांना असं कुणी बोललं नव्हतं. ते तसेच घरात जाऊन बसले. संध्याकाळी ती खजील होऊन अर्धी पोळी घेऊन आली. नानांनी चष्मा लावला. पोळी उलटी करून पाहिली, कड मोडून बोटांनी दाबली, एक घास बराच वेळ घोळवला.

“कडेपर्यंत पुरण गेलेलं नाही,” ते म्हणाले. “आणि जायफळ जास्त पडलंय.”

ती वही काढून लिहून घेऊ लागली. काकू पदराला हात पुसत बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

“कशी दिलीस?”

“तीस रुपयाला एक.”

“तीस?” नाना म्हणाले. “पंचवीस लाव. आणि रविवारी चारच पाठव, आधी बघू.”